बालकाचा संवर्धनदेश : नगर की ग्राम?

बालरुग्णाला घेऊन चिकित्सालयात येणारे माता-पिता अलीकडे एक प्रश्न हमखास विचारतात. ‘वैद्यराज, याला गावी आजीकडे ठेवले तर बरे होईल का?’ काही वेळा प्रश्न उलट दिशेने येतो. गावाकडील शिक्षक किंवा शेतकरी पिता विचारतो, ‘मुलीला शिक्षणासाठी शहरात बहिणीकडे पाठवतो आहोत, तिथली हवा तिला सोसेल ना?’ दोन्ही प्रसंगी आपल्यापैकी बहुतेक जण तत्काळ उत्तर देऊन मोकळे होतात, आणि ते उत्तर बहुधा गावाच्या बाजूने असते. मीही अनेक वर्षे हेच करीत होतो. हे उत्तर शास्त्राला कितपत धरून आहे, आणि व्यवहारात त्याचे काय होते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

देशपरीक्षा

चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या आठव्या अध्यायात देशाचा विचार भूमी आणि आतुर अशा दोन अंगांनी केला आहे. भूमीच्या परीक्षेत रुग्णाविषयी तीन गोष्टी स्वतंत्रपणे जाणून घ्यावयास सांगितले आहे : तो कोणत्या भूमीत जन्मला, कोणत्या भूमीत वाढला आणि कोणत्या भूमीत व्याधिग्रस्त झाला. त्यानंतर त्या भूमीतील लोकांचा आहार काय, विहार काय, बल व सात्म्य कसे, तेथे कोणते व्याधी आढळतात, कशाने हित होते आणि कशाने अहित, हेही विचारावयाचे आहे. आपल्या रुग्णपत्रिकेवर मात्र ‘पत्ता’ या शब्दापुढे एकच ओळ असते, आणि तिचा उपयोग बहुधा देयक पाठविण्यापुरता होतो.

जन्म, संवर्धन आणि व्याधी ही तीन स्थाने एकच असण्याचा काळ मागे पडला. पिंपरी-चिंचवडसारख्या औद्योगिक नगरात बालक बहुधा आईच्या माहेरी, म्हणजे बीड, लातूर वा सातारा जिल्ह्यातील गावी जन्मते, सहाव्या महिन्यात नगरात येते, पाचव्या वर्षापर्यंत दोन-तीन घरे बदलते आणि सुट्टीत पुन्हा गावी जाते. अशा बालकाचा देश कोणता? ‘शहर’ हे त्याचे उत्तर नव्हे, ‘गाव’ हेही नव्हे.

दुसरी गोष्ट अशी की संहितांतील देशविभाग नगर आणि ग्राम असा नाहीच. तो जांगल, आनूप आणि साधारण असा आहे. कल्पस्थानाच्या पहिल्या अध्यायातील या तिन्ही देशांचे वर्णन वृक्ष, जल, वायू, प्राणी आणि तेथील मनुष्यांचे शरीर यांच्या आधारे केले आहे. माण-खटावचा कोरडा, विरळ झाडीचा प्रदेश आणि राजापूर-संगमेश्वरचा नारळी-पोफळीचा प्रदेश हे दोन्ही आपण एका शब्दात ‘गाव’ म्हणतो. शास्त्रदृष्ट्या ते दोन टोकांचे देश आहेत. सूत्रस्थानाच्या पंचविसाव्या अध्यायातील अग्र्यसंग्रहात आरोग्यकर देशांमध्ये मरुभूमीला आणि अहितकर देशांमध्ये आनूप देशाला अग्रस्थान दिले आहे. कफप्रधान बाल्यावस्था, त्यात कफवातप्रधान तमकश्वास, आणि त्याला आषाढात कोकणातील आजोळी पाठविणे, हे ‘गावची हवा’ या नावाखाली घडते तेव्हा आपण काय करतो आहोत याचा विचार व्हावा. मेघ, शीत आणि पूर्वेकडील वारा यांनी तमकश्वास वाढतो हे चिकित्सास्थानातच आले आहे. चार महिने ओल धरणाऱ्या मातीच्या भिंती, त्यांवरील बुरशी आणि न वाळणारी अंथरुणे यांची भर त्यात आपल्या मनाने घालावी.

काश्यपसंहितेच्या खिलस्थानात देशसात्म्यावर स्वतंत्र अध्याय आहे, परंतु दुर्दैवाने तो खंडित रूपात आपणापर्यंत पोहोचला. कौमारभृत्याच्या या प्रमुख ग्रंथात बालकाच्या देशाविषयी आणखी काय होते, ही हळहळ वाटत राहते.

एका रुग्णाची हकीकत

काही वर्षांपूर्वी चिंचवडमधील एका यंत्रकामगाराचा पाच वर्षांचा मुलगा माझ्याकडे आणला गेला. तमकश्वासाचे वेग महिन्यातून दोनदा, रात्री दोन-तीनच्या सुमारास. बालरोगतज्ज्ञांनी सुरू केलेला इन्हेलर चालू होता. घर रस्त्याकाठच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर होते आणि खिडकीखाली अवजड वाहनांची वर्दळ असे. आजी-आजोबा माण तालुक्यात राहत. मी देशविचार केला, असे मला त्या वेळी वाटले. जांगल देश, कफाला विपरीत गुणांचा, रस्त्याच्या धुळीपासून दूर, आणि शाळा अद्याप बालवर्गाची. जानेवारीत मुलाला गावी पाठविण्याचा सल्ला मी दिला. सोबत सितोपलादी चूर्ण आणि वासावलेह दिला, उरःप्रदेशी सैंधवयुक्त तेलाचे अभ्यंग सांगितले, आणि सायंकाळी गुग्गुळाचे धूपन करावयास सांगितले.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात मुलाला मध्यरात्री असा वेग आला की ओठ निळसर झाले. जीप मिळविण्यात वेळ गेला. प्राणवायू मिळेल अशा रुग्णालयात पोहोचेपर्यंत सव्वा तास लागला. मूल वाचले. आठ दिवसांनी पिता मला भेटावयास आला तेव्हा त्याने एक शब्दही वाकडा उच्चारला नाही, आणि तेच अधिक जड गेले.

त्या दिवशी मी त्याला जे प्रश्न विचारले ते मी डिसेंबरमध्ये विचारावयास हवे होते. मूल कोठे झोपत असे? आजीजवळ, स्वयंपाकघराला लागून असलेल्या खोलीत, कारण जानेवारीत तीच खोली उबदार. स्वयंपाक कशावर? घरात गॅस होता, परंतु तो चहापुरता आणि पाहुण्यांसाठी. भाकरी आणि आंघोळीचे पाणी चुलीवर. जळण म्हणून काटक्या, तुराट्या आणि पावसाळ्यात जमविलेल्या गोवऱ्या. पहाटे आजी पाणी तापवावयास बसली की नातू शेकावयास तिच्या मांडीवर. फेब्रुवारीअखेरीस रब्बी ज्वारीची काढणी झाली, घराशेजारच्या खळ्यावर मळणी यंत्र चार दिवस चालले आणि कडब्याची गंज अंगणात लागली. आणि इन्हेलर? ‘गावची हवा चांगली म्हणून बंद केला.’ तो बंद करा असे मी म्हटले नव्हते. चालू ठेवा असेही मी म्हटले नव्हते.

श्वासाच्या हेतूंमध्ये चरकाचार्यांनी रज आणि धूम यांचा स्पष्ट निर्देश केला आहे. हा संदर्भ पदवी परीक्षेत मी लिहिला होता. परंतु रज म्हणजे महामार्गाची धूळ आणि धूम म्हणजे वाहनांचा व कारखान्यांचा धूर, असा अर्थ माझ्या मनात नकळत पक्का झाला होता. चुलीचा धूर हा घरचा, आजीचा, म्हणून तो धूमात जमा होत नव्हता. शिवाय गुग्गुळाचे धूपन मी स्वतःच वाढवून दिले होते.

माझे पाऊल चुकले ते देशाच्या मापात. जांगल देशाचा गुण तालुक्याला लागू होतो. बालक मात्र तालुक्यात श्वास घेत नाही, दहा बाय बाराच्या खोलीत घेते.

इतर अध्ययनांतून काय दिसते

आधुनिक संशोधनाचा या विषयातील प्रवास उद्बोधक आहे. १९८९ मध्ये लंडन येथील डेव्हिड स्ट्रॅखन यांनी, मोठ्या भावंडांची संख्या अधिक असलेल्या मुलांमध्ये परागज ज्वर कमी आढळतो, असे निरीक्षण प्रसिद्ध केले आणि अतिस्वच्छतेविषयीची चर्चा सुरू झाली. जर्मनीच्या एकीकरणानंतर एरिका फॉन म्यूटियुस आणि सहकाऱ्यांनी पूर्वेकडील लाइपझिग व हाले आणि पश्चिमेकडील म्युनिक येथील मुलांची तुलना केली. धुराने काळवंडलेल्या पूर्वेत कासाचे, श्वासनलिकांच्या शोथाचे प्रमाण अधिक होते, हे अपेक्षितच होते. परंतु दमा आणि असात्म्यताजन्य विकार मात्र स्वच्छ म्युनिकमध्ये अधिक निघाले. पुढे आल्प्सच्या परिसरातील अभ्यासांतून, गोठ्याशी निकट संबंध असलेल्या आणि कच्चे दूध पिणाऱ्या मुलांमध्ये हे विकार कमी असल्याचे वारंवार दिसले. (कच्च्या दुधाचा उल्लेख केवळ निरीक्षण म्हणून केला आहे. आपल्याकडे क्षयासह अन्य जंतूंचा संभव पाहता दूध तापवूनच द्यावे.)

या मालिकेतील मला सर्वांत महत्त्वाचे वाटणारे अध्ययन २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. अमेरिकेतील आमिश आणि हटराइट हे दोन्ही समाज शेतकरी, दोन्ही ग्रामवासी, दोघांचे पूर्वज मध्य युरोपातील, आणि राहणीत पुष्कळ साम्य. आमिश मुलांमध्ये दम्याचे प्रमाण ५.२ टक्के, तर हटराइट मुलांमध्ये २१.३ टक्के. फरक होता तो शेतीच्या पद्धतीत. आमिशांची शेती बैल-घोड्यांच्या वळणाची, गोठा घराला लागून आणि मुले त्यात लहानपणापासून वावरणारी. हटराइटांची शेती यांत्रिक, सामुदायिक आणि घरांपासून दूर. आमिश घरांतील धुळीत जंतुजन्य अंश सुमारे ६.८ पट अधिक आढळला. म्हणजे दोन गावांतच हा चौपट फरक. ‘गाव’ हा शब्द येथे काहीच सांगत नाही. गोठा कोठे आहे आणि मूल कोठे खेळते, हे सर्व काही सांगते.

अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानात पाचव्या महिन्यात शुभदिनी बालकाला भूमीवर बसविण्याचा विधी आहे. त्याचा या संशोधनाशी थेट संबंध जोडण्याची घाई मी करणार नाही. आपल्या नियतकालिकांतून अशी जोडणी फार सहज केली जाते. इतकेच नोंदवावेसे वाटते की बालक आणि भूमी यांचा स्पर्श योग्य वेळी आणि योजनापूर्वक घडवावा, ही कल्पना आचार्यांच्या मनात होती.

आता दुसरी बाजू. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, पाच वर्षांखालील खुरट्या वाढीच्या मुलांचे प्रमाण देशाच्या नागरी भागात ३०.१ टक्के, तर ग्रामीण भागात ३७.३ टक्के आढळले. स्वयंपाकासाठी स्वच्छ इंधन वापरणारी कुटुंबे नागरी भागात ८९.७ टक्के होती आणि ग्रामीण भागात ४३.२ टक्के. उज्ज्वला योजना २०१६ मध्ये सुरू झाली असली तरी जोडणी मिळणे आणि चूल विझणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे वरील हकीकतीवरून दिसतेच. सर्पदंशाविषयी २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अध्ययनानुसार भारतात २००० ते २०१९ या काळात सुमारे १२ लाख मृत्यू झाले. त्यांतील बहुसंख्य ग्रामीण होते आणि चतुर्थांशाहून अधिक मृत्यू पंधरा वर्षांखालील मुलांचे होते. विंचूदंशात प्राझोसिनचा उपयोग महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी दाखवून दिला आणि कोकणातील कित्येक मुले त्यामुळे वाचली. असा वैद्य आणि असे औषध वेळेत गाठता येईल का, हाही देशपरीक्षेचाच भाग मानला पाहिजे. चतुष्पाद अनुपलब्ध असलेला देश कितीही रम्य असो, तीव्र वेगाच्या बालरुग्णासाठी तो प्रशस्त नव्हे.

नगराचे दोष मात्र यामुळे पुसले जात नाहीत. दृष्टीच्या बाबतीत तर ते फार स्पष्ट आहेत. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अध्ययनात सिंगापूर आणि सिडनी येथील चिनी वंशाच्या सहा-सात वर्षांच्या मुलांची तुलना करण्यात आली. निकटदृष्टीचे प्रमाण सिंगापुरात २९.१ टक्के आणि सिडनीत अवघे ३.३ टक्के होते. सिडनीची मुले आठवड्याला सुमारे पावणेचौदा तास घराबाहेर घालवीत, सिंगापूरची तीन तास. वंश तोच, आणि दोन्ही स्थाने मोठी नगरेच. येथेही भेद नगर-ग्रामाचा नसून उघड्या आकाशाखाली घालविलेल्या वेळेचा आहे. चीनमधील ग्वांगझू येथे शाळेच्या दिवसात चाळीस मिनिटांचा बाह्य विहार वाढविला असता तीन वर्षांत नव्याने निकटदृष्टी होणाऱ्या मुलांचे प्रमाण ३९.५ वरून ३०.४ टक्के इतके खाली राहिले. चाळीस मिनिटे कोणत्याही नगरात काढता येतात. मात्र ती काढावयास सांगणारा वैद्य हवा, कारण पालक चष्म्याचा क्रमांक वाढल्यावर आपल्याकडे त्रिफळाघृत मागावयास येतात.

एक गोष्ट जाता जाता. २१ नोव्हेंबर २०१६ रोजी ऑस्ट्रेलियातील मेलबर्न नगरावर वादळ आले आणि काही तासांत हजारो लोक श्वासाच्या वेगाने रुग्णालयांत दाखल झाले. सुमारे दहा जण दगावले. कारण ठरले ते नगराबाहेरील गवताळ रानांतून आलेले परागकण. रान नगरात येऊ शकते, आणि ढगांचा व श्वासाचा संबंध आपल्याला नवा नाही.

व्यवहार

जनपदोद्ध्वंसाच्या अध्यायात वायू, जल, देश आणि काल हे चार भाव उत्तरोत्तर अधिक दुष्परिहार्य म्हटले आहेत. म्हणजे दूषित वायू टाळणे त्यातल्या त्यात सुकर, देश टाळणे त्याहून कठीण. आपण मात्र पालकांना सर्वांत आधी देश बदलावयास सांगतो आणि खोलीतील वायूकडे शेवटी पाहतो, किंवा पाहतच नाही. हा क्रम उलटा करावा, असे माझे मत झाले आहे.

कुमारागाराचे शारीरस्थानातील वर्णन यासाठी पुन्हा वाचण्यासारखे आहे. अंधार नसलेले, थेट झोत न येणारे परंतु एका बाजूने वारा खेळता असलेले, दृढ, श्वापदे, मूषक व पतंग यांपासून मुक्त असलेले घर तेथे अपेक्षित आहे. पाणी, स्नान, मलमूत्रविसर्जन आणि स्वयंपाक यांची स्थाने त्यात नियोजित आहेत. हे वर्णन राजगृहाचे आहे म्हणून आपण सोडून देतो. परंतु यातील एकेक विशेषण घेऊन चिंचवडच्या सदनिकेला आणि माणच्या घराला लावून पाहावे. सदनिका ‘मूषकरहित’ आणि ‘दृढ’ ठरेल, ‘प्रवात’ ठरणार नाही. माणच्या घराची ओसरी उत्तम ठरेल, माजघर अनुत्तीर्ण होईल. मग पालकांना सांगण्याजोगे काही हाती लागते.

धूपनाविषयी फार्मसीचालक बंधूंशी स्वतंत्रपणे बोलले पाहिजे. काश्यपसंहितेत धूपकल्प आहे आणि सूतिकागार व कुमारागाराच्या रक्षणार्थ धूपनाचे महत्त्व मी नाकारीत नाही. परंतु बाजारात ‘बालकांसाठी धूपन’ म्हणून जी पाकिटे विकली जातात त्यांवर, तमकश्वास वा वारंवार कास असलेल्या बालकाच्या उपस्थितीत धूपन करू नये, एवढे एक वाक्य छापण्यास काय हरकत आहे? बंद खोलीत तो गुग्गुळ असला तरी प्राणवह स्रोतसाच्या दृष्टीने धूमच आहे. डासांसाठी रात्रभर जळणाऱ्या कॉइलविषयीही तेच. मार्च-एप्रिल आणि पुन्हा दिवाळीनंतर अवलेहांची मागणी वाढते, हे आपणास विक्रीच्या वहीवरून ठाऊक असतेच. दुकानात मागणी करणाऱ्या मातेला ‘घरात चूल आहे का, कॉइल लावता का’ असे विचारण्यास अर्धे मिनिट लागते. निदानपरिवर्जन हीच संक्षेपतः चिकित्सा, असे सुश्रुताचार्य म्हणतात. त्यासाठी औषधाची बाटली लागत नाही, हे मात्र खरे.

स्थलांतर अपरिहार्यच असेल तर सात्म्यत्यागाचा पादांशिक क्रम विसरू नये. सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात तो आहाराविहाराच्या सवयींसाठी सांगितला आहे. देशांतरालाही तो लावावा असे मला वाटते : प्रथम आठ दिवसांचा मुक्काम, नंतर सुट्टी, मग दीर्घ वास्तव्य. पाणी, दूध आणि धान्य एकाच दिवशी बदलू नये. ज्वारी-बाजरीवर वाढलेल्या मुलीला नगरात पहिल्या आठवड्यापासून पाव-बिस्किटावर ठेवले की मलबद्धता आणि अरुची घेऊन ती आपल्याकडे येतेच. आणि बालरोगतज्ज्ञांनी दिलेली श्वासाची औषधे वैद्याने वा आजीने परस्पर बंद करू नयेत. कमी करावयाची तर ज्यांनी दिली त्यांच्या संमतीने, हे पालकांना लिहून द्यावे. तोंडी सांगितलेले गावी पोहोचेपर्यंत उरत नाही.

वर उल्लेखिलेला मुलगा चिंचवडलाच परत आला. अंथरूण रस्त्याच्या खिडकीपासून मागच्या खोलीत हलविले, पित्याने कारखान्याचे कपडे दाराबाहेर बदलावयास सुरुवात केली, कॉइलऐवजी मच्छरदाणी आली, आणि माझे धूपन मीच बंद केले. सायंकाळी वाहने वाढण्यापूर्वी तासभर मैदानावर खेळणे ठरले. वर्षाला वीस-बावीस येणारे वेग पुढील वर्षात पाचवर आले. एका रुग्णावरून सिद्धांत मांडता येत नाही, आणि वयाबरोबर काही मुलांचा श्वास आपोआप कमी होतो हेही लक्षात आहे. तो गावीही जातो, दिवाळीत, मळणीच्या आधी. पहिल्या खेपेस आजीने त्याची पथारी ओसरीवर टाकली आणि नातू असेपर्यंत भाकरी गॅसवर भाजली. चुलीवरच्या भाकरीची चव तिला येत नाही, अशी तक्रार आजोबांनी पित्यामार्फत माझ्याकडे पोहोचविली आहे.

माझ्या बालरुग्णपत्रिकेवर आता ‘पत्ता’ या ओळीखाली आणखी चार ओळी आहेत : जन्म कोठे, वाढ कोठे, प्रथम वेग कोठे, रात्री झोप कोणत्या खोलीत. चौथी ओळ संहितेत नाही.